वाशिमहून जपानी शिकायचंय?

जपानच्या विद्यापीठांचे उन्हाळी भाषावर्ग बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. नेमकी तेव्हा आपल्याकडे कॉलेजं नुकती सुरू झालेली असतात, शिवाय खर्चही खिशाला जड. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे. पण तिच्यातल्या भाषा-संस्कृतीच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला जपानी हाच मुख्य विषय लागतो.

म्हणून सुरुवात घरूनच करा. जपान फाउंडेशनच्या 'मिनातो' संकेतस्थळावर स्वतःच्या गतीने शिकायचे मोफत अभ्यासक्रम आहेत. आधी हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं गिरवा, रोमन लिपीच्या नादी लागू नका. व्याकरणात तर मराठी माणसाची चंगळ आहे! 'वाताशि वा वाशिमु नि इकिमासु' म्हणजे 'मी वाशिमला जातो'. 'ला'च्या जागी 'नि', क्रियापद शेवटी. खरा घाम काढते ती कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं.

जपानी भाषेच्या प्रावीण्याची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आपल्याला सोयीचं केंद्र पुणे. सर्वांत सोपी पातळी एन-५. यात बोलण्याची परीक्षाच नसते (मला हे अजिबात पटत नाही), तेव्हा बोलायचा सराव वेगळा करा. पुण्याला गेलातच, तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान चुकवू नका. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारलंय.