चॉकलेटला पाणी लागू न देता: स्लो कुकरमधली दाणे-काजू कँडी

चिक्की करताना सगळी धडपड पाणी बाहेर काढण्यासाठी असते. गुळाचा पाक उकळत राहतो आणि पाण्यात टाकलेली गोळी टणक झाली की तो उतरवायचा. चॉकलेटमध्ये दाणे घालून कँडी करायची तर काम नेमकं उलटं असतं. उकळी तर सोडाच, फार ताप नको आणि पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या दमट शहरात ही दुसरी अट जड जाते. म्हणून ही कँडी सोपी असली, तरी तिच्यातली प्रत्येक पायरी का आहे हे कळलेलं बरं.

आधी भांड्याविषयी. अमेरिकेत 1971 साली ‘क्रॉक-पॉट’ या नावाने स्लो कुकर घराघरात पोचला. चिनी मातीच्या जाड भांड्याला बाजूंनी हळूहळू उष्णता द्यायची आणि कडधान्यं, मांस तासन्‌तास शिजू द्यायचं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे चॉकलेट सहसा उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवतात. त्यात वाफ अगदी शेजारीच असते. स्लो कुकरमध्ये पाणी घालावंच लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र बऱ्याच कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्ही शेवटी उकळीच्या जवळच पोचतात, ‘लो’ फक्त सावकाश पोचतं. म्हणून लावून विसरून जाण्याची सोय इथे नाही.

साहित्य साधारण 60 नगांचं: 300 ग्रॅम शेंगदाणे, 200 ग्रॅम काजू पाकळी, 400 ग्रॅम डार्क कंपाउंड, 200 ग्रॅम मिल्क कंपाउंड आणि चिमूटभर मीठ. दाणे आणि काजू तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये घाऊक भावाने मिळतात. काजू अख्खे घेऊ नका. चॉकलेटखाली ते दिसणारच नाहीत आणि पाकळी बरीच स्वस्त पडते. शेंगदाण्यांतले काळपट, सुरकुतलेले आणि बुरशी आलेले दाणे मात्र निवडून टाकाच.

कंपाउंड म्हणजे कोको बटरऐवजी बहुतांशी वनस्पती तेलापासून केलेली चरबी वापरलेलं चॉकलेट. पाकिटावरच्या घटकांत ‘हायड्रोजनेटेड’ तेल लिहिलेलं असलं की ओळखावं. खऱ्या चॉकलेटची चव सरस असते, पण त्यातलं कोको बटर सुमारे 34 अंशांना वितळतं आणि मे महिन्यात दुपारी घरातलं तापमान जवळपास तेवढंच असतं. शिवाय खरं चॉकलेट चकचकीत होऊन कडक मोडावं, यासाठी डार्क 45 ते 50 अंशांवर वितळवून, 27-28 पर्यंत थंड करून, पुन्हा 31-32 वर आणावं लागतं. यालाच टेंपरिंग म्हणतात. कंपाउंडला ते लागत नाही. दोन्ही एकत्र मात्र करू नका. त्या दोन चरबींचं जमत नाही, कँडी मऊ राहते आणि पुढे तिच्यावर पांढुरका थर येतो.

आता कृती. दाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सोला, सालं पाखडून टाका. काजू नुसते गरम करून घ्या. भाजल्याने चव खुलते आणि दाण्यातला ओलावाही जातो. दोन्ही पूर्ण गार होऊ द्या. कुकरचं भांडं कोरड्या फडक्याने पुसा. तळाशी दाणे-काजू पसरा, वर डार्कचे तुकडे आणि सगळ्यात वर मिल्कचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. भांडं तळाशी आणि कडेला जास्त तापतं, तो ताप आधी दाणे सोसतात. मिल्क चॉकलेटमधली दूध पावडर लवकर करपते, म्हणून ते सर्वांत लांब.

झाकणाखाली सुती पंचा ताणून बसवा आणि टोकं वर दुमडून घ्या. दाण्यांत उरलेला थोडा ओलावा झाकणाला लागून थेंब होतो. तो पंचा टिपतो. चॉकलेट म्हणजे चरबीत विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडं पाणी शिरलं की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि पातळ चॉकलेटचा क्षणात घट्ट, रवाळ गोळा होतो. व्हॅनिला इसेन्समध्येही पाणी असू शकतं. वास हवा तर वेलची किंवा जायफळाची पूड घाला.

‘लो’वर अर्धा तास ढवळू नका. मग झाकण सरळ वर उचला, तिरकं केलं तर पाणी आत ओघळेल. तुकडे कडा सोडून मऊ दिसले की कोरड्या चमच्याने ढवळा. पाऊण भाग वितळला की बटण बंद करा. उरलेलं काम तापलेली माती करते. एकूण 45 मिनिटं ते तासभर लागतो. 200 वॉटच्या कुकरला विजेचं पाव युनिटही लागत नाही. मीठ घालून शेवटचं ढवळा. भांडं बराच वेळ कोमट राहतं, त्यामुळे बटर पेपरवर चमच्याने छोटे ढीग घालायला घाई करावी लागत नाही.

खरी परीक्षा थंड करताना असते. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे 27 अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमतं. फ्रिजमधून काढलेली कँडी म्हणूनच लगेच घामेजते, वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरे डाग उरतात. एसीची खोली असेल तर ताट तिथेच ठेवा, एसी हवेतलं पाणीही काढतो. नसेल तर 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढताच गार कँडी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कँडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे तासभर तरी, डबा उघडू नका. दव डब्याच्या बाहेरच जमेल. दिवाळीआधी ऑक्टोबरचा उकाडा असतो, तेव्हाही हेच करा. अशी कँडी दोन-तीन आठवडे चांगली राहते. त्यानंतर दाण्यांचं तेल खवट होऊ लागतं.

भांड्याला लागलेलं चॉकलेट धुऊन टाकू नका. त्यात एक-दोन कप गरम दूध ओता आणि ढवळा. थोड्या पाण्याने गोळा झाला असता, पण एवढ्या दुधात साखर पूर्ण विरघळते, कण सुटे होतात आणि प्यायला छान चॉकलेट दूध तयार होतं. चुकून गोळा झालेल्या चॉकलेटलाही हाच उपाय. भांडं मात्र गार झाल्यावरच धुवा. तापलेल्या चिनी मातीवर थंड पाणी पडलं तर तिला तडा जातो.