दूध वासराचं, मग गाय कशासाठी?



गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. कर्ज काढून संकरित दुधाळ गाय घ्यायची का? त्याआधी आपल्या जंगलपट्टीत जनावरं कशासाठी पाळत आलेत, ते बघू.

भामरागड-एटापल्लीकडचे माडिया लोक पूर्वापार गाईचं दूध काढत नाहीत. दूध वासराचं, असं ते मानतात. शहरातून आलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. आम्हाला त्यात हिशेब दिसतो. पोटभर प्यालेल्या गोऱ्ह्याचा पुढं दमदार बैल होतो, आणि धानाच्या बांधीत चिखलणी त्याच्याच जोरावर होते. शेण शेतात पडतं ते वेगळंच. जुन्या पेंदा शेतीत तर बैलही लागत नसे. उतारावरची झाडं तोडून जाळायची आणि राखेत कोसरी फेकायची. जंगलखात्याची बंधनं आली, बांध्या वाढल्या, तशी बैलांची गरजही वाढली.

दूर दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांची तऱ्हा निराळी. ते दूध आंबवून खातात, त्याला ‘आमासी’ म्हणतात. लग्नात मुलीच्या माहेरी गुरं द्यायची, तो ‘लोबोला’. पण जुन्या रीतीत गुरांचा वाडा पुरुषांचा आणि कुदळीची शेती बाईची. आपल्याकडे नांगर पुरुषाचा, रोवणी बाईची. कंबर मोडेस्तोवर चिखलात आपण वाकायचं आणि गोठ्याचा मालक दुसराच!

आपली गावठी गाय म्हणजे बहुतेक कठाणी. अंगानं लहान, चिखलात चपळ, धानाच्या तणशीवर आणि जंगलातल्या चाऱ्यावर निभावणारी. दूध थोडंच, म्हणून तिला कमी लेखतात. पण देशी जातींच्या सरकारी यादीत आता तिचं नाव लागलंय.

संकरित गाईला बारमाही हिरवा चारा, पाणी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवा. गाय आटली तरी कर्जाचा हप्ता आटत नाही. गावात दूध घेणारी गाडी रोज येत असेल, विहिरीला मे महिन्यात पाणी असेल, तर जरूर घ्या. आतल्या गावांत मात्र कठाणी गाय किंवा बैलजोडी बरी, असं आमचं मत. रोवणीच्या दिवसांत जोडी भाड्यानं देता येते. ट्रॅक्टर सगळ्या बांध्यांत उतरत नाही.

काहीही घेतलं तरी कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर वहीत लिहा, आणि जनावराची नोंद आपल्या नावावर करा. कर्ज बाईच्या नावावर आणि गाय घरधन्याच्या, असं नको. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाचं भय रोजचंच. वाघानं जनावर मारलं तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नका. पंचनाम्यात मालकाचं नाव लिहितात, आणि भरपाईचा पैसा त्याच नावानं येतो.