डब्यावरचं नाव आणि डब्यामागचा नंबर
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

ऑक्टोबर २०१० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या. सगळ्या मिळून किंमत ६५ कोटींच्या घरात. ही बातमी देशभर गाजली. त्या पिढीतल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. शहरातल्या पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशा फिरत यांतल्या काही आपल्या सिंधुदुर्गातही येतात. कुडाळ-कणकवलीच्या वाडीत, कुणाच्या खळ्यात, माडाखाली मर्सिडीज नाहीतर बीएमडब्ल्यू उभी दिसली तर आज कुणी थबकत नाही. नव्या छोट्या गाडीच्या पैशांत जुनी मोठी गाडी येते. पण इथंच एक गोम आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या पोटातल्या वस्तूंची उतरत नाही. याचा पहिला प्रत्यय येतो तो गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ येते तेव्हा.

कंपनीच्या वर्कशॉपसाठी पणजी नाहीतर कोल्हापूर गाठायचं. तिथला तेलाचा आकडा ऐकला की माणूस घरी परततो आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारतो. उत्तर मिळतं, "लाल तेल म्हणजे लाल तेल, खंयचाय घाला!" हा सल्ला स्वस्त वाटतो, पण त्याच्यासारखा महाग सल्ला दुसरा नाही. आणि "कंपनीचंच तेल घाला, नाहीतर गाडी विका" हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही खरा नाही. या दोहोंमध्ये एक वाट आहे. तीच आज सांगायची आहे.

आधी हे तेल करतं काय, ते पाहू. साध्या गाडीत आपला डावा पाय क्लच दाबतो आणि हात गिअर बदलतो. ऑटोमॅटिक गाडीत ही दोन्ही कामं दाबाखाली फिरणारं तेल करतं. इंजिनाची ताकद पुढे पोचवणं, आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरणं, दातांना वंगण देणं आणि उष्णता वाहून नेणं, अशी चारही कामं त्या एकाच तेलाची. रापण ओढणाऱ्याच्या हातातला दोर आठवा. तो सरकायलाही हवा आणि नेमक्या क्षणी पकडीत बसायलाही हवा. या तेलाचं तसंच आहे. ते निसरडं हवं आणि धरणारंही हवं. किती निसरडं आणि किती धरणारं, ते प्रत्येक गिअरबॉक्सच्या घडणीवर ठरतं. म्हणून एकाचं तेल दुसऱ्याला चालेलच असं नाही. लाल रंग तर निव्वळ ओळखीसाठी घातलेला असतो. गळती दिसली तर इंजिनाच्या तेलापासून ती वेगळी कळावी, एवढंच त्याचं काम.

पर्यायी तेलाचा प्रश्न काही आजचा नाही. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबील गाड्यांत मोठ्या प्रमाणावर बनवलेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. पुढे जनरल मोटर्सने १९४९ मध्ये तेलाचं पहिलं प्रमाण ठरवलं आणि १९६७ मध्ये 'डेक्स्रॉन' नावाचं प्रमाण आणलं. त्या काळच्या तेलात योग्य पकड येण्यासाठी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. ज्याच्या 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्या आपल्या किनाऱ्यावरून अधूनमधून येतात, तोच हा मासा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि ते तेल बंद झालं. रसायनतज्ज्ञांनी पर्याय शोधले. पण पहिल्या पर्यायाने तेल थंड करणाऱ्या भागांचे सांधे गंजू लागले. मग गंजरोधक द्रव्यं घालून तेल पुन्हा सुधारावं लागलं. या हकिकतीतून दोन गोष्टी कळतात. पर्याय मिळू शकतो, ही एक. आणि तपासल्याशिवाय तो पर्याय म्हणता येत नाही, ही दुसरी.

आता आपल्या कामाची गोष्ट. गाडीच्या कंपन्या तेल स्वतः बनवत नाहीत. ते फुक्स, शेल यांच्यासारख्या तेल कंपन्या बनवतात. गाडीची कंपनी ते आपल्या डब्यात भरून घेते, आणि डबा बदलला की भावही बदलतो. शिवाय गाडीची कंपनी प्रत्येक गिअरबॉक्ससाठी एक नंबर ठरवते आणि त्या परीक्षेत उतरलेल्या इतर तेलांची यादी प्रसिद्ध करते. मर्सिडीजचा जुना पाच गिअरचा ७२२.६ हा गिअरबॉक्स घ्या. त्याला २३६.१४ नंबरचं लाल तेल चालतं. सात गिअरच्या, २०१० पासून आलेल्या सुधारित गिअरबॉक्सला मात्र २३६.१५ लागतं, आणि ते निळसर असतं. गाडीवरचा तारा तोच, तेल निराळं. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांतले गिअरबॉक्स जर्मनीतल्या झेडएफ कंपनीचे असतात. तीही आपल्या मान्य तेलांची यादी जाहीर करते आणि स्वतःच्या नावाने तेल विकते. तेव्हा दुकानात जाण्याआधी गाडीचा चॅसी नंबर आणि गिअरबॉक्सवर कोरलेला नंबर कागदावर उतरवून घ्या. ऑडी-स्कोडाच्या काही गाड्यांत दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स असतो, काही जपानी गाड्यांत पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी असतो. यांची तेलं पूर्णपणे वेगळी आहेत.

मग डबा हातात घ्या आणि मागचा मजकूर वाचा. कोर्टात साक्ष वाचतात तसा वाचा. 'अमुक नंबरची मान्यता' हे शब्द असतील तर तेल परीक्षेला बसून उत्तीर्ण झालेलं आहे. 'अमुक नंबरसाठी योग्य' किंवा 'शिफारस' असं लिहिलं असेल तर ते तेल बनवणाऱ्याचं स्वतःचं मत आहे. मत खरं असेलही, पण ती परीक्षा नव्हे. सगळ्या गाड्यांना चालतं म्हणणाऱ्या डब्यावर बहुधा असंच लिहिलेलं असतं. 'डेक्स्रॉन तीन' असं लिहिलेले डबे अजूनही विकले जातात. त्या प्रमाणाचे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले. आज ते शब्द लिहिणाऱ्याला विचारणारं कुणी नाही.

बचत कुठे करावी? मान्यता असलेलं, पण गाडीच्या कंपनीचं नाव नसलेलं तेल घ्यावं. लिटरमागे पडणाऱ्या फरकाला लागणाऱ्या लिटरांनी गुणा, म्हणजे हिशेब समोर येईल. खालचा बोल्ट काढून निम्म्याच्या आसपास तेल निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, हे लक्षात ठेवून खरेदी करा. बचत कुठे करू नये? फिल्टर आणि पॅनच्या गॅस्केटमध्ये. ओळखीचं बिल न देणाऱ्याकडून सीलबंद डबा घेण्यातही करू नये, कारण बनावट तेलाचा डबा वरून अगदी खऱ्यासारखाच दिसतो. तेलाची पातळीही डोळ्यांनी ठरवू नये. ती तेल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून मोजायची असते. मेच्या उकाड्यात तेल लवकर तापतं आणि फुगतं, मग कमी असलेलं तेल पुरेसं वाटतं. तापमान दाखवणारं यंत्र ज्याच्याकडे आहे, अशा गॅरेजमध्येच हे काम करा. त्या मजुरीत घासाघीस नको.

'हे तेल आयुष्यभर बदलायचं नाही' असंही पुष्कळ सांगतात. कुणाच्या आयुष्यभर, ते मात्र सांगत नाहीत. खुद्द झेडएफ साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. आपल्याकडे घाटरस्ते, उकाडा आणि दमटपणा आहे. अलीकडची मर्यादा धरलेली बरी.

एक खूण मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. निघालेलं तेल काळपट आणि करपल्या वासाचं असेल तर क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत. ते सोलकढीसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात आणि चकत्यांचं अस्तर सुटू लागतं. अशा वेळी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. टो करून न्यावी.

स्वस्त असणं हा तेलाचा दोष नाही आणि महाग असणं हा गुणही नाही. चार डब्यांत वाचवलेले पैसे गिअरबॉक्स गेला तर लाखांत मोजावे लागतात, आणि पुष्कळदा त्या दिवशी गाडीची किंमत गिअरबॉक्सपेक्षा कमी भरते. मग ती उभीच राहते, तिच्यावर झावळ्या पडतात आणि कोंबड्या तिच्याखाली सावली शोधतात. दुकानदार नाव सांगेल, ते ऐकून घ्या. पैसे मात्र नंबर वाचल्यावरच काढा.