शांत पक्षी हवा असेल तर फिंच पाळा

फ्लॅटमध्ये पक्षी पाळायचा म्हटलं की पोपटवर्गातलाच पक्षी डोळ्यांसमोर येतो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. लव्हबर्ड, कॉकटील हे थव्याने राहणारे पक्षी. दूर गेलेल्या सोबत्याला हाक पोहोचावी असाच त्यांचा आवाज असतो, आणि एकटं ठेवलं तर ओरडणं आणखी वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंचचं तसं नाही. जेमतेम 10 सेंटिमीटरचा हा पक्षी दिवसभर टिवटिवतो खरा, पण ती टिवटिव इतकी बारीक असते की बंद दारापलीकडे सहसा त्रास होत नाही.

फिंच हातावर बसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तो बघण्यासाठी पाळायचा. लळा हवा असेल तर बजरीगर बरा, मात्र किलबिल जास्त सोसावी लागेल. आवाज कमी व्हावा म्हणून एकच फिंच ठेवणं मला क्रूर वाटतं. जोडी हवीच. पिल्लं नको असतील तर दोन माद्या ठेवा, गातो फक्त नर. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण हे पक्षी आडवे उडतात. आणि आपला हिरवा पोपट किंवा मुनिया कुणी विकत असेल तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे पक्षी पाळणं गुन्हा आहे.