गॅरंटी आणि वॉरंटी

परवा मिक्सर घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, ‘काका, दोन वर्षांची गॅरंटी आहे.’ कार्डावर मात्र ‘वॉरंटी’ छापलेले. सौ. म्हणाली, ‘एकच ना ते?’ उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला असे काही विचारू नये!

तसे हे शब्द एकाच कुळातले. मूळ जर्मानिक, फ्रेंचच्या एका बोलीत ‘व’ टिकला, दुसरीत त्याचा ‘ग’ झाला आणि इंग्रजीने दोघांनाही घरात घेतले. कायद्याने मात्र त्यांच्या वाटण्या केल्या. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात वॉरंटी म्हणजे सौद्याला जोडलेली दुय्यम अट. ती मोडली तर भरपाई मागता येते. तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. हा मामला विकणारा आणि घेणारा अशा दोघांचा.

गॅरंटीत तिसरा माणूस येतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ नुसार एकाने कर्ज फेडले नाही, तर ते मी फेडीन, हे वचन म्हणजे गॅरंटी. आपल्या भाषेत, जामीन राहणे. कलम १२८ म्हणते, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराचे दार ठोठावावे, असे बंधन नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हे स्पष्ट केले.

१९९४ मध्ये एक निवृत्त गुरुजी पुतण्याच्या कर्जाला जामीन राहायला आले. पेन हातात धरून त्यांनी विचारले, ‘साहेब, काही भानगड नाही ना?’ मी म्हणालो, ‘छे हो, नुसती औपचारिकता.’ पुतण्याचा धंदा बुडाला, नोटीस गुरुजींना गेली. त्यांनी मुदत ठेव मोडून पैसे भरले. कलम १४५ प्रमाणे ती रक्कम पुतण्याकडून वसूल करण्याचा हक्क त्यांना होता. पण घरच्या पोरावर दावा कोण लावणार? मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच अजून टोचते.

मिक्सरचे कार्ड आपण जपून ठेवतो; जामिनाचा कागद मात्र न वाचता सही करतो. भिडेपोटी.

काल भाच्याचा फोन आला. ‘मामा, फक्त एक सही हवीय.’

म्हटले, ‘कागद घेऊन ये. आधी दोघे मिळून वाचू.’