गुंजाला लिपी आणि आपल्या हद्दीतील संगणक

पैनगंगेच्या दक्षिणेस, जेथे मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा एकाच आठवडी बाजारात कानी पडतात, त्या आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गोंडांचे गाव आहे. या गावी जतन होऊन राहिलेली सुमारे डझनभर हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांचे सहकारी यांच्या दृष्टीस पडली, आणि गोंडीची ही लिपी विद्वज्जनांपुढे आली. निजामी अंमलात याच जिल्ह्यात अधिकारपदावर असताना गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण सिद्ध करणारे आपले सेतुमाधवराव पगडी, किंवा मार्लवाईच्या शिक्षणकेंद्रासाठी देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके तयार करविणारे मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ, यांच्या परिश्रमांचे मोल यत्किंचितही कमी न होता त्या परिश्रमांस एक नवे परिमाण लाभले. 2014 मध्ये या लिपीचा प्राथमिक फॉन्ट लोकांपुढे आला, आणि अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावर विचार होऊन जून 2018 मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत तिच्या 63 वर्णांस स्थान मिळाले.

परंतु युनिकोडच्या दप्तरात नोंद झाली म्हणजे पडद्यावर अक्षर उमटलेच, असे होत नाही. लिनक्स संगणकावर स्वरचिन्ह कोठे बसवावे, अर्धाक्षर पुढच्या व्यंजनास कसे जोडावे, याचा निवाडा हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि कोणता वर्ण कोणत्या लिपीचा याची सारणी ग्लिब नावाच्या दुसऱ्या लायब्ररीत असते. संगणकावरील या दोन्हींच्या आवृत्त्या 2018 पूर्वीच्या असतील, तर नोटो मालिकेतील गुंजाला गोंडीचा फॉन्ट आणून ठेवला तरी अक्षरे सुटी सुटी पडतात. फायरफॉक्ससारखे काही प्रोग्रॅम स्वतःचे हार्फबझ सोबतच बाळगतात, म्हणून तेथे ही अडचण जाणवत नाही. पँगो या लायब्ररीच्या आधारे अक्षरे मांडणाऱ्या साध्या संपादकांत मात्र ती हटकून जाणवते.

आता एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सामायिक संगणक कल्पावा, ज्याचा ॲडमिन पासवर्ड विद्यार्थ्याजवळ नाही आणि ज्याचा प्रशासक जिल्ह्याच्या ठिकाणाहून कधी येईल याची शाश्वती नाही. सरकारी जमिनीवर हक्क नसला तरी पट्ट्याची जमीन जशी आपली असते, तशी या विद्यार्थ्याची होम डिरेक्टरी ही त्याची स्वतःची जमीन असते. फॉन्टसाठी तर काहीच बांधावे लागत नाही: होममधील डॉट-लोकल फोल्डरात, त्यातील शेअरमधल्या फॉन्ट्स या उपफोल्डरात फाइल ठेवून एफसी-कॅश चालविले की काम झाले.

लायब्ररींचे काम मात्र श्रमाचे आहे. सोर्स कोडची संकुचित फाइल उतरवून घ्यावी, प्रकाशकाने दिलेल्या चेकसमशी ती पडताळून पाहावी, आणि रीडमी फाइल शांतपणे वाचावी. घाईने ती न वाचणाराच पुढे तासन्‌तास अडतो. जुन्या धर्तीच्या सोर्समध्ये कॉन्फिगर ही स्क्रिप्ट असते. तिला प्रीफिक्स म्हणून होममधला मार्ग कळविला, तर एरवी यूएसआर-लोकल या सार्वजनिक स्थानी जाणाऱ्या सर्व फाइली आपल्याच हद्दीत उतरतात आणि मेक व मेक इन्स्टॉल या आज्ञांना प्रशासकाधिकार लागत नाही. अलीकडील आवृत्त्यांत हेच काम मेसन आणि निंजा करतात; प्रीफिक्सचे तत्त्व तेच. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी ग्लिब, मग तिच्यावर उभे राहणारे हार्फबझ, आणि पुढच्याने मागच्यास शोधावे म्हणून पीकेजी-कॉन्फिगला त्या मार्गाची खबर. आज्ञांसाठी पाथ या चलात आपले बिन फोल्डर आरंभी घालावे. लायब्ररींसाठी एलडी-लायब्ररी-पाथ वापरता येतो, परंतु त्या सत्रात चालणाऱ्या इतर प्रोग्रॅमांवरही त्याचा परिणाम होत असल्यामुळे तो सरसकट न लावता, ज्या एका प्रोग्रॅमसाठी गरज आहे त्याच्यापुरताच लावावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर द्यावे. पुढे काढून टाकावयाचे झाल्यास ते फोल्डर पुसले की पुरते.

आपल्या होममधील या अधिकारास सीमा आहेत. कर्नेलचे मॉड्यूल घालता येत नाही, 1024 खालील पोर्ट सामान्यतः उघडता येत नाही, आणि प्रशासकाने होममधून प्रोग्रॅम चालविणेच बंद केले असेल तर विनंतीवाचून दुसरा मार्ग उरत नाही. कंपायलर आधीपासून नसेल तर तोही एक मोठा अडसर असतो.

इतके करून अक्षरे उमटली, आणि गुंजाल्याची जुनी पाने वाचू शकणाऱ्या एखाद्या वृद्धाने पडद्यावरचे जोडाक्षर चुकीचे जुळले आहे असे दाखवून दिले, तर विद्यार्थ्यास तेथेच थांबावे लागत नाही. तयार डबाबंद प्रत असती तर तक्रार करून वाट पाहणे एवढेच हाती राहिले असते. सोर्स जवळ असल्याने दोष फॉन्टमधला की हार्फबझमधला हे त्याला तपासता येते, तो हार्फबझमधला निघाला तर संबंधित ओळ आपल्या प्रतीत बदलून पुन्हा मेक करता येते, आणि ती दुरुस्ती हार्फबझच्या मूळ प्रकल्पाकडे पाठविताही येते.