तीस तबकड्या, एकच ठोका

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांमधून जाळीच्या प्रचंड तबकड्या डोकावू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एकूण ३०, त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने उभ्या, उरलेल्या १६ तीन दिशांना पांगलेल्या. सर्वांत दूरच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. तरी ‘जीएमआरटी’ ही एकच रेडिओ दुर्बीण आहे, आणि ती एक होते ती लोखंडामुळे नव्हे, वेळेमुळे.

दोन लहरी भेटल्या आणि शिखरावर शिखर आलं, तर जोर वाढतो. शिखरावर दरी आली, तर दोन्ही विरतात. हे व्यतिकरण. मग घरातल्या दोन दिव्यांच्या उजेडात काळे-पांढरे पट्टे का दिसत नाहीत? प्रत्येक दिव्यातले असंख्य अणू स्वतंत्रपणे प्रकाश सोडतात, त्यामुळे दोघांच्या लहरींचा मेळ टिकत नाही. मेळ टिकणं म्हणजेच सुसंगती.

दूरच्या दीर्घिकेतून येणारी रेडिओ लहरही अशीच अनियमित असते. पण तिचा तोच चढउतार तीसही तबकड्यांवर पडतो. तेवढा धागा पुरतो. याउलट, प्रत्येक तबकडीच्या यंत्रणेतला गोंगाट तिचा एकटीचा असतो. दोघींचे संकेत गुणून सरासरी काढत गेलं, की गोंगाट झडतो आणि आकाशाचं तेवढं उरतं. अशा जोड्या होतात ४३५.

अट एकच, आणि ती कठोर आहे. तिरकी आलेली लहर एका तबकडीवर दुसरीपेक्षा ८० मायक्रोसेकंदांपर्यंत उशिरा पोहोचू शकते. पृथ्वी फिरत असल्याने हा उशीरही सतत बदलतो. २१ सेंटिमीटरच्या लहरीचं एक आवर्तन मात्र ०.७ नॅनोसेकंदात संपतं. त्याच्या निम्मी चूक झाली तरी शिखराची दरी होते. म्हणून सारे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणतात, एकाच घड्याळाच्या ठोक्यावर मोजतात आणि उशीर हिशेबाने भरून काढतात. वातावरणाचा आयनीभूत थर तरीही लहरींना मागेपुढे ढकलतोच. त्यामुळे निरीक्षणात अधूनमधून जवळच्या एखाद्या परिचित, ठळक स्रोताकडे वळून मेळ पुन्हा जुळवावा लागतो.

या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी १९६५मध्ये कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या जोडून सूर्य न्याहाळला होता. खोडदची मुळं तिथे आहेत.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा. तिथे मोबाइल मात्र बंद ठेवा. आकाशातून येणारा संकेत त्याच्यापुढे फारच क्षीण असतो.